तूप, तेल आणि पोटाचा जडपणा : वाचकांचे प्रश्न

वरणभातावर तूप घेतलं तर काही होत नाही, पण दोन बटाटेवडे खाल्ले की संध्याकाळपर्यंत पोट जड. तूप तेलापेक्षा पचायला हलकं असतं का? (सातारा)

तसं नाही. तूप असो वा शेंगदाणा तेल, त्यातली बहुतेक फॅटी ॲसिड (स्निग्ध पदार्थांचे मूळ घटक, म्हणजे कार्बनच्या साखळ्या) लांब साखळीची असतात आणि पचण्याची वाट एकच असते. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात उतरले की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं. त्यामुळे पित्ताशय आकुंचन पावून पित्त सोडतं, स्वादुपिंडातून लायपेझ येतं आणि जठर अन्न पुढे ढकलण्याचा वेग कमी करतं. पित्तामुळे तेलाचे बारीक कण होतात, लायपेझ ते फोडतं. हे सगळं होईपर्यंत उरलेलं अन्न जठरातच थांबतं. तुम्हाला जाणवतो तो जडपणा हाच.

खरा फरक मात्रेचा आहे. चमचाभर तुपात साडेचार-पाच ग्रॅम स्निग्धांश असतो. वड्यांनी शोषलेलं तेल, चटणीतलं खोबरं, तळलेली मिरची मिळून तो आकडा कितीतरी पटींनी वाढतो. पोटाला तूप की तेल याने फारसा फरक पडत नाही. रक्तातल्या कोलेस्टेरॉलला मात्र पडतो, कारण तुपातला निम्म्याहून जास्त भाग संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या प्रकारचा असतो.

खोबरेल तेल थेट यकृतात जातं, म्हणून हवं तेवढं खाल्लं तरी चालतं असं ऐकलं. खरं का? (मालवण)

अर्धवट खरं, आणि म्हणूनच घातक. मध्यम साखळीची, म्हणजे ८ आणि १० कार्बनची फॅटी ॲसिड थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात शिरतात. स्निग्ध पदार्थ न पचणाऱ्या रुग्णांना एमसीटी तेल, म्हणजे मध्यम साखळीचं तेल, देतात ते याचमुळे. पण खोबरेलात त्यांचा वाटा थोडा असतो. त्यातला जवळपास निम्मा भाग १२ कार्बनच्या लॉरिक ॲसिडचा, आणि ते बरंचसं लांब साखळीच्या वाटेनेच जातं. सोलकढी, ओल्या नारळाचं वाटण अवश्य खा. औषध म्हणून चमचे भरून तेल पिऊ नका.

वनस्पती तुपाने पोट बिघडतं का? (नागपूर)

सहसा नाही. ते इतर तेलातुपासारखंच पचतं. त्यात ट्रान्स फॅट (तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होणारा स्निग्धांश) असू शकतं; त्याचा घाव रक्तवाहिन्यांवर बसतो आणि पोट त्याची काहीच सूचना देत नाही. जानेवारी २०२२पासून देशात त्याची मर्यादा २ टक्के आहे. तरी माझं मत विचाराल तर घरात आणूच नका.

पित्ताशय काढून दोन महिने झाले. तेल-तूप पूर्ण बंद केलंय. बरोबर आहे ना? (पुणे)

बंद करू नका. पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशय ते फक्त साठवतं. आता ते थोडं थोडं सतत आतड्यात उतरतं. एकदम तेलकट जेवणाला मात्र पुरं पडत नाही आणि जुलाब होऊ शकतात. फोडणीपुरतं तेल प्रत्येक जेवणात विभागून घ्या, तळण काही आठवडे टाळा. स्निग्धांशाशिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत. जुलाब थांबतच नसतील तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

वडिलांचा शौच तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारा होतो. वजनही उतरलंय. कोणतं तेल वापरू? (लातूर)

तेल बदलून हे जाणार नाही. स्निग्धांश न पचता बाहेर पडत असावा. स्वादुपिंड, पित्तनलिका किंवा लहान आतडं, दोष कुठे आहे ते तपासावं लागेल. या आठवड्यातच त्यांना पोटविकारतज्ज्ञांकडे न्या आणि वजन कधीपासून उतरतंय ते लिहून न्या.