पोरगी म्हणते कार नको, बस करायचीय

प्रश्न : नमस्कार ताई. मी एसटीत २९ वर्षं कंडक्टर होतो, आता रिटायर आहे. मुलीला कर्ज काढून पुण्यात ट्रान्सपोर्टेशन डिझाईन शिकवलं. कार कंपनीची चांगली ऑफर आली होती ती सोडून एका छोट्या ऑफिसात बसेसवर काम करायला गेली, पगार जवळजवळ निम्मा. म्हणते लोकांसाठी काम करायचंय. मी म्हटलं बाळा, बसमध्ये डिझाईन कसलं, डबाच तो, चाकं लावली की झाली बस. हिला समजवायचं कसं?
– एक वडील, सातारा जिल्हा

उत्तर : काका, डबा म्हणालात ते एका अर्थी खरंच आहे हो. आपल्याकडे चासी, म्हणजे इंजिन-चाकांसकट नुसता सांगाडा, येते आणि तिच्यावर बॉडी बांधतात, एसटीच्या दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये हेच काम वर्षानुवर्षं चालत आलंय, तुम्हाला मी काय सांगायचं. पण ती चासी मुळात ट्रकच्या घराण्यातली, म्हणून फ्लोअर उंच, फ्लोअर उंच म्हणून पायऱ्या उंच, आणि त्याचं बिल भरतात प्रवाशांचे गुडघे.

मी कॉलेजात असताना एका स्टँडवर आठवडाभर टेप आणि वही घेऊन बसले होते (लोकांना वाटलं मी चेकिंगला आलेय). एक आजी आल्या, त्यांनी आधी पिशवी आत ढकलली, मग डाव्या हाताने लुगडं सावरलं, म्हणजे धरायला उरला एकच हात, आणि त्या उजव्या हाताला जिथे पाईप मिळायला हवा तिथे नुसता पत्रा. शेवटी मागच्या पोराने आधार देऊन चढवलं. कॉम्प्युटरवर आम्ही डिझायनर जो माणूस बसमध्ये चढवतो ना, त्याचे दोन्ही हात मोकळे असतात, त्याच्याकडे पिशवी नसते आणि त्याने लुगडंही नेसलेलं नसतं. तोपर्यंत माझ्या वहीत नुसते हेडलाईट होते, त्या दिवशी पहिल्यांदा मी दांडा काढला.

आता शहरातल्या बसचं फ्लोअर साधारण तीन उंचीचं असतं, ४०० मिलीमीटर, ६५० आणि ९००. ४०० वाली म्हणजे फुटपाथवरून एक पाऊल टाकलं की आत. मग सगळ्याच तशा का नाही असं प्रत्येकजण विचारतो. तर इंजिन मागे न्यावं लागतं, चासीच वेगळी लागते, पैसा जास्त जातो, आणि वर आपले स्पीडब्रेकर आणि पावसात तुंबलेलं पाणी. तुमच्याकडच्या घाटातल्या गावात जाणारी गाडी उंचच राहणार. मग एक पायरी वाढवायची का? वाढवली तर आतली जागा जाते, जागा गेली की सीट जाते, सीट गेली की गाडी विकत घेणारा नाही म्हणतो. हे भांडण सोडवायचं म्हणजेच तुमच्या मुलीचं काम, आणि मला तरी ते कारचं बॉनेट काढण्यापेक्षा अवघड वाटतं.

अजून एक, हे ठरतं टेंडरच्या कागदात. बस बॉडीसाठी एआयएस-०५२ नावाचा कोड, म्हणजे नियमावली, आहे, त्यात पायरी, दरवाजा, मधली वाट यांची मापं दिलीयेत, पण ती किमान. त्याच्यावर काय हवं ते घेणाऱ्याने लिहायचं. दांड्याची जाडी किती, त्याच्यावर कोटिंग कुठलं हे लिहिलंच नाही तर सगळ्यात स्वस्त टेंडर भरणारा ते कशाला देईल? मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा लोखंडी दांडा कसा चटका देतो हे, काका, तुमच्याशिवाय कुणाला माहीत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, पण चढताना पायरी तीच.

पगाराचं खोटं बोलणार नाही, सुरुवातीला कमीच असतो आणि गाडीवर कुणाचं नावही येत नाही. कर्जाचा हप्ता कोण किती भरणार हे मात्र तिच्याशी स्पष्ट बोला, लाजू नका, लोकांसाठी काम करायचं म्हणून बँक थांबत नाही. बाकी समजवायचं राहू द्या. एखाद्या रविवारी तिला स्टँडवर घेऊन जा, टेप तिच्याकडे असेलच, तुम्ही फक्त दाखवा पावसात कुठली पायरी घसरते, आणि भरलेल्या गाडीत तिकिटं काढताना तुम्ही पाठ कशाला टेकवायचात. हे तिला कुठल्याच कॉलेजने शिकवलेलं नाही.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. लोकांच्या उपयोगाची वाहनं डिझाईन करायची आहेत. ड्रॉइंग फार भारी लागतं का आणि कुठे जाऊ?
– लातूरचा एक वाचक

उत्तर : ड्रॉइंग लागतं, पण ते शिकता येतं, बघायची सवय जास्त लागते. बारावीनंतरच्या डिझाईनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा दे, पवईच्या आयआयटीत आयडीसी हा डिझाईनचा विभाग आहे, १९६९ पासून. एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन, तिची परीक्षा वेगळी. खास वाहनांचं शिक्षण दोन्हीकडे एम.डेसला, म्हणजे पदवीनंतरच्या कोर्सला मिळतं, एनआयडीचं गांधीनगरला. आणि डिझायनरच असावं लागतं असंही नाही. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशींनी २००० च्या आसपास सायकलरिक्षा सुधारली, तिला मोटर बसवून इलेक्ट्रिक रिक्षाही केली, आणि ते मूळचे इंजिनिअर. पोर्टफोलिओत उडणारी कार काढू नकोस रे बाबा, ती सगळेच काढतात. तुमच्याकडच्या काळी-पिवळीत मागे बसलेल्यांचे पाय नेमके कुठे जातात, ते आधी काढून बघ.