शाळा संपली, आता कुणाला विचारायचं?

"सरकारी शाळेत शिकली, पुढच्या जगात टिकेल का?" मी करिअर समुपदेशक. शालान्त निकाल लागले की हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे येतात. त्यातल्या एका आईची आणि मुलीची ही गोष्ट. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलीला मार्क चांगले होते. एवढं शिकलेली घरातली ती पहिलीच. पण निकालानंतर दिवसभर मोबाइल घेऊन पडून राहायची, काही विचारलं की अंगावर यायची. "खासगी शाळेतली मुलं कशी धीटपणे बोलतात. आमची ऐपत असती तर हिलाही तिकडेच घातलं असतं, मॅडम," असं म्हणता म्हणता आईचा गळा दाटून आला.

आधी त्यांच्या मनावरचं हे ओझं उतरवायला हवं होतं. १५ वर्षांच्या मुलांची 'पीसा' ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००० सालापासून होते. तिच्यात खासगी शाळांतली मुलं सरासरीने पुढे दिसतात, पण घरची आर्थिक-सामाजिक परिस्थिती हिशेबात धरली की ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांच्या सरासरीत हा फरक बहुतांशी विरून जातो. म्हणजे जो फरक आपण शाळेच्या नावावर टाकतो, त्यातला बराचसा घरून आलेला असतो. "तुम्ही तिचं काही हिरावून घेतलेलं नाही," असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पहिल्या भेटीत मी मुलीची अभिरुची चाचणी घेतली. कोणत्या कामाची आवड आहे ते पाहणारी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या सहा प्रकारांवर आधारलेली. 'संशोधक' आणि 'सामाजिक' हे कल वर आले. तिने कागदाची नीट घडी घालून तो बॅगेत ठेवला. पुढच्या भेटीत ती घडी तशीच होती. इथे माझं चुकलं. काय व्हायचंय यापाशी तिचं अडलेलंच नव्हतं, आणि मी तेच विचारत बसले होते.

तिसऱ्या भेटीत तिने मोबाइल पुढे केला. प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाचा अर्ज, तीन आठवडे अर्धवट पडलेला. मुदत संपायला नऊ दिवस. शिफारस देणाऱ्या शिक्षकाचं नाव आणि संपर्क, एवढा एकच रकाना रिकामा.

"सरांना विचारलंस?"

"शाळा तर संपली ना. आता कसं विचारणार?"

मला पोटात तुटल्यासारखं झालं. बारा वर्षं घंटा वाजली की काय करायचं ते ठरलेलं होतं. घंटा थांबली आणि तिला वाटलं, माणसंही संपली. आईला जो आळस दिसत होता, तो खरं तर संकोच होता. घरात आधी कुणी या वाटेने गेलेलं असतं, तर कुणीतरी सहज म्हणालं असतं, अगं, लाव की फोन.

ही काही तिची एकटीची गत नाही. अमेरिकेत याला 'समर मेल्ट' असं नावच आहे. कॉलेजला जायचं पक्कं ठरवलेल्या मुलांपैकी साधारण १० ते २० टक्के मुलं शाळा संपून कॉलेज सुरू होईपर्यंतच्या उन्हाळी सुट्टीतच गळतात, आणि कमी उत्पन्नाच्या घरांत हे प्रमाण जास्त असतं. एखादा अर्ज, एखादी तारीख, न समजलेलं एखादं पत्र, एवढंही पुरतं.

आम्ही सरांना सांगायची चार वाक्यं कागदावर लिहिली. तिने माझ्यासमोरच फोन लावला. सरांनी उचलला नाही. तिचा चेहरा पडला, तरी तीच वाक्यं तिने मेसेजमध्ये पाठवली. रात्री सरांचं उत्तर आलं, दोन ओळींचं. गुणपत्रक मागितलं होतं.

१९०८ मध्ये बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं काम सुरू करणारे फ्रँक पार्सन्स तीन गोष्टी सांगत: स्वतःला ओळखा, कामाची माहिती घ्या, दोन्हींची सांगड विचारपूर्वक घाला. आपण पहिल्या गोष्टीवरच अडतो. म्हणून मी तिला एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ताईंशी बोलायला लावलं. कामाचा केवढा भाग नोंदी ठेवण्यात जातो हे ऐकून ती हिरमुसेल असं मला वाटलं होतं. उलट ती म्हणाली, "माझं अक्षर आणि वह्या बघाल तर कळेल तुम्हाला."

आईला मी एकच काम दिलं. आठवड्यातून एक तास तिच्या शेजारी बसायचं. अर्ज, तारखा, आलेली पत्रं तिने वाचायची, भरायचीही तिनेच. तुम्ही फक्त बसायचं. "मला यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. कळायची गरजच नव्हती.

चार महिन्यांनी मुलीचा फोन आला. पहिल्या चाचणीत संख्याशास्त्रात नापास झाली होती. आवाज कापत होता. "उद्या शिक्षकांना भेटणार आहे. काय विचारायचं ते लिहिलंय. वाचून दाखवू?"

तीन प्रश्न होते. तिसरा मलाही सुचला नसता.