इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये दोन दिवस आहोत, सोबत आई-बाबा आणि आठ वर्षांचा मुलगा. काय बघावं?

पहिला दिवस रेल्वे म्युझियमला द्या. स्टेशनच्या मागेच आहे, प्रवेश फुकट. १९३८ मध्ये ताशी २०३ किलोमीटर धावून वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारं निळं ‘मॅलार्ड’ तिथेच उभं आहे, आणि जपानची जुनी बुलेट ट्रेनसुद्धा. मुलगा लवकर बाहेर येणार नाही (बाबाही नाहीत!).

दुसऱ्या दिवशी सकाळी तटबंदीवरून चाला. साधारण साडेतीन किलोमीटर, तेही फुकट. मात्र पायऱ्या आहेत, आईंचे गुडघे दुखत असतील तर थोडाच भाग करा. मग मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचं भव्य जुनं चर्च. तिकीट महाग आहे, पण पूर्वेची १४०८ मध्ये पुरी झालेली रंगीत काचांची खिडकी चुकवू नका. शॅम्बल्स गल्लीत प्रचंड गर्दी असते, दहा मिनिटं पुरे.

व्हिटबीचा समुद्र या खेपेला सोडा, जाण्यायेण्यातच दिवस जाईल.