सार्त्र बुद्धिवादी नव्हता

प्रश्न असा आलाय: एका व्याख्यानाच्या पत्रिकेत ‘फ्रेंच बुद्धिवादी ज्याँ-पॉल सार्त्र’ असं छापलंय. ते बरोबर, की ‘बुद्धिजीवी’ हवं?

‘बुद्धिवादी’ साफ चूक. व्यासपीठांवरून ती इतक्यांदा कानावर पडते की आता ऐकवत नाही. ज्ञानाचा पाया इंद्रियानुभवात नसून बुद्धीत आहे, असं मानणारे ते बुद्धिवादी: देकार्त, स्पिनोझा, लायब्नित्स. सार्त्र अस्तित्ववादी, म्हणजे माणूस आधी असतो आणि आपल्या जगण्याचा अर्थ मग स्वतःच घडवतो, असं मानणारा. आगरकर बुद्धिप्रामाण्यवादी, म्हणजे रूढीपेक्षा बुद्धीचा कौल प्रमाण मानणारे, तो आणखी तिसरा शब्द. ‘सगळं एकच, रूढीनं चालतं’ म्हणणाऱ्या भाषातज्ज्ञांनी एकदा तत्त्वज्ञानाच्या वर्गात जाऊन बसावं.

आता ‘जीवी’. खरी गंमत इथे आहे. श्रमजीवी, परोपजीवी, पाणिनीकडे तर आयुधजीवी, म्हणजे शस्त्रावर पोट भरणाऱ्यांचे संघ. तेव्हा बुद्धिजीवी म्हणजे बुद्धीवर पोट चालवणारा. स्पिनोझाला ही कसोटी लावून बघा. ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजानं त्याला १६५६मध्ये बहिष्कृत केलं. पुढे तो भिंगं घासायचा आणि मित्रांच्या थोड्याफार मदतीवर राहायचा. १६७३मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाची प्राध्यापकी चालून आली, तीही विचारस्वातंत्र्यापायी नाकारली. त्याआधीच्या वर्षी हेगमध्ये जमावानं डी विट बंधूंना, म्हणजे दोन डच राजकारण्यांना, ठार मारलं, तेव्हा हा शांत माणूस निषेधाचा फलक लावायला निघाला होता. घरमालकानं आत कोंडून ठेवलं म्हणून वाचला, असं लायब्नित्सनं नोंदवलंय. बुद्धिवादी पक्का, पण पोट हाताच्या कामावर! सार्त्रचं नेमकं उलट: आधी शाळेत मास्तरकी, मग लेखणी.

‘बुद्धिजीवी हिंदीतून घुसलाय, टाळा’ असं सांगणाऱ्या शुद्धिवाद्यांनी मनुस्मृती उघडावी, १.९६: ‘भूतानां प्राणिनः श्रेष्ठाः प्राणिनां बुद्धिजीविनः’, भूतमात्रांत प्राणी श्रेष्ठ, प्राण्यांत बुद्धिजीवी. आजचा अर्थ कुठूनही आलेला असो, शब्द आपल्याच घरातला जुना आहे. आणि इथे त्याचा अर्थ ‘विद्वान’ लावणारे पुढचा चरण वाचतच नाहीत. ‘बुद्धिमत्सु नराः श्रेष्ठाः’, बुद्धी असणाऱ्यांत माणसं श्रेष्ठ. म्हणजे माणूस अजून यायचाय! त्याच्या आधीच्या पायरीवरचे बुद्धिजीवी माणसांपुरते कसे असतील? बुद्धीच्या आधारानं जगणारा कुठलाही जीव त्यात आला. चारा कुठला खायचा आणि कुठला सोडायचा हे ओळखणारी गायसुद्धा. श्लोकाच्या शेवटी मनू माणसांत ब्राह्मणाला वर बसवतो. ते मला मुळीच मान्य नाही, पण शब्दाचा पुरावा तिथेच आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मला विचाराल तर ‘जीवी’चा हा ‘जगणं’ अर्थ ‘पोट भरणं’पेक्षा कितीतरी ऐसपैस आहे, आणि १९६४चं नोबेल नाकारणाऱ्या सार्त्रला तोच शोभतो.

पत्रिका अजून छापखान्यात असेल तर ‘अस्तित्ववादी तत्त्वज्ञ’ करून घ्या. ‘बुद्धिजीवी’ही चालेल.