डेबिट नोट आली तेव्हा गप्प का बसलात?

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत आमचा सस्पेंशनच्या रबर बुशचा (जोडांतले धक्के शोषणाऱ्या, धातूला चिकटवलेल्या रबरी भागांचा) लहान कारखाना आहे. चाकणच्या एका कारनिर्मात्याने वर्षभरात चार डेबिट नोटा (आमच्या नावे रक्कम टाकल्याच्या लेखी सूचना) काढून वॉरंटीपोटी 31 लाख रुपये चालू बिलांतून कापले. खराब बुश आम्हाला दाखवलेच नाहीत. खरेदी विभागाशी फोनवर बोलणं चालू आहे. पैसे परत मिळतील का?

उत्तर: कपात किती अन्यायाची आहे, यावर तुम्ही तीन पानं लिहिलीत. ती बाजूला ठेवा. वस्तू विक्री कायदा, 1930 च्या कलम 59 प्रमाणे वॉरंटीभंगाची भरपाई किमतीतून वळती करायला खरेदीदाराला मुभा आहे, त्यामुळे 'कापलेच कसे' या वादात फारसा दम नाही.

निकाल लागेल तो तुमच्या करारातल्या एका कलमावर: डेबिट नोटेवर 15 दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास ती मान्य समजली जाईल. चारपैकी एकीवरही तुमची हरकत नाही. उलट मार्चअखेरचं बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे खात्यातली बाकी बरोबर असल्याचं पत्र, सही-शिक्का मारून बिनशर्त परत पाठवलंत! वेगवेगळ्या लेटरहेडवर हेच पत्र माझ्याकडे येत राहतं.

सुदैवाने त्याच कलमाचं पहिलं वाक्य तुमच्या बाजूचं आहे. डेबिट नोट काढण्याआधी खराब भाग संयुक्त तपासणीसाठी ठेवायचे आणि अहवाल द्यायचा, असं त्यात आहे. ते झालंच नसेल तर 15 दिवसांची मुदत सुरूच झाली नाही, असं म्हणता येतं. कोर्ट ते मान्य करेलच असं नाही. आणि तपासणीची सूचना सप्लायर पोर्टलवर (पुरवठादारांसाठीच्या त्यांच्या वेबसाइटवर) न उघडता पडून असेल, तर हा मुद्दा लंगडा पडेल. आधी ते तपासा.

मग याच आठवड्यात पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने आणि करारातल्या नोटिशीच्या ईमेलवरही. प्रत्येक डेबिट नोटेचा नंबर, तारीख, रक्कम लिहून स्वतंत्र हरकत घ्या. प्रत्येक दाव्यासाठी चासी नंबर, विक्रीची तारीख, किलोमीटर, डीलरचं जॉबकार्ड आणि बुशचा बॅच कोड मागा. मुख्य म्हणजे बुश भंगारात काढू नका, असं स्पष्ट लिहा. परत आलेले भाग कंपन्या कायम सांभाळत नाहीत आणि ते गेले की पुरावाही गेला.

बुश हातात आले की बॅच कोड तुमचाच आहे ना, ते पाहा. रबर धातूपासून स्वच्छ सुटलं असेल तर बाँडिंगचा, म्हणजे रबर धातूला चिकटवण्याचा दोष, म्हणजे बहुधा तुमचा. रबर मधूनच पिळवटून फाटलं असेल तर बोल्ट कधी आवळला ते विचारा. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना आवळला, तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नैसर्गिक रबर फुगून मऊ झालं असेल तर तेलगळती शोधा. मोजके नमुने तपासून तेच प्रमाण देशभरच्या दाव्यांना लावलं असेल, तर त्याला करारात आधार आहे का ते पाहा. तुमच्या 8डी रिपोर्टमध्ये (तक्रारीनंतर दोषाचं कारण आणि उपाय लिहून द्यायचा अहवाल) मूळ कारण म्हणून स्वतःचीच प्रक्रिया लिहिली आहे का? तो कागद समोर येणारच.

बिलाच्या पैशांची मुदत साधारणपणे उधारीचे दिवस संपल्यापासून 3 वर्षं, आणि प्रत्येक बिलाची वेगळी. फोनवरच्या बोलण्याने ती थांबत नाही. मुदतीच्या आत त्यांनी सही करून लेखी देणं कबूल केलं तर नव्याने मोजली जाते.

पुरवठ्याच्या आधीपासून सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी (सरकारी पोर्टलवरची नोंदणी) असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याखालच्या, थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या परिषदेकडे जा. थकबाकीवर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. कंपनी तिथेच वॉरंटीचा प्रतिदावा करू शकते, हे धरून चाला. निर्णयाची मुदत कायद्यात 90 दिवस आहे. कॅलेंडर मात्र त्यावर बेतू नका. नोंदणी नसेल तर लवादाचं कलम आहे का ते पाहावं लागेल. नसल्यास व्यावसायिक न्यायालय, आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर त्याआधी मध्यस्थी सक्तीची.

आणि अकाउंटंटला विचारा, या डेबिट नोटांसमोर जीएसटीची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा तुमचा कागद) काढली आहे का. काढली असेल तर समोरचा वकील तीच कबुली म्हणून दाखवेल; तिची प्रत मला आधी पाठवा.