वाचकांचे प्रश्न : घटस्फोटासाठी रेनोच का?

प्रश्न : जुन्या अमेरिकन सिनेमांत बायका डिवोर्स घ्यायला रेनोला का जातात? आपल्याच गावात मिळत नव्हता का?

उत्तर : मिळायचा, पण फार छळ सोसून. न्यूयॉर्कमध्ये १९६६ला कायदा बदलेपर्यंत व्यभिचार हे एकच कारण चालायचं, म्हणजे नवरा मारहाण करतो एवढ्यावर सुटका नाही, त्यामुळे काही जण हॉटेलच्या खोलीत परकी बाई बसवून खोटे फोटो काढून घ्यायचे, किती लाजिरवाणं! रेनो शहर ज्या राज्यात आहे त्या नेवाडाने मात्र १९३१ला रहिवासाची अट ६ आठवड्यांवर आणली आणि कारणंही सोपी ठेवली. मग बायका ट्रेनने रेनो गाठायच्या, बोर्डिंग हाऊस नाहीतर रँचवर राहायच्या, आणि ही बाई खरंच इथे राहिली अशी साक्ष बऱ्याचदा घरमालकीणच कोर्टात द्यायची, सुनावणी काही मिनिटांत आटपायची. पण ६ आठवड्यांचा खर्च, वकिलाची फी, हे गरीब बाईला कुठलं परवडायला? आणि सुटल्यावरही बँका क्रेडिट द्यायला कां-कूं करायच्या, त्याविरुद्धचा कायदा थेट १९७४चा. दोष सिद्ध न करता घटस्फोट कॅलिफोर्नियात १९७०पासून मिळायला लागला.