पगार वाढवणं माझ्या हातात नाही, मग टीमला कामाची गोडी कशी लावू?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच मॅनेजर झालात, हाताखाली 14 माणसं, पगारवाढ मालकाच्या हातात आणि माणसं नुसती घड्याळाकडं बघत काम करतात. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, आधी सुपरवायझर आणि आता प्रॉडक्शन बघतो, 17 वर्षं झाली, त्यामुळं लूमवरचंच, म्हणजे यंत्रमागावरचंच सांगतो.

सुरवातीला मी पण पोस्टर लावले, महिन्याचा बेस्ट कामगार म्हणून फोटो लावला. तर हेमिंगवरच्या, म्हणजे टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या ज्या बाईंचा फोटो लागला त्यांना बाकीच्या बाया दिवसभर चिडवायला लागल्या, आठ दिवसांत त्या येऊन म्हणाल्या, साहेब तेवढा फोटो काढा की. काढला.

खरं काय ते कळलं एका विणकरामुळं. पन्नाशीचा माणूस, सगळ्यात जुना, सारखी कुरकुर, खाडे पण वाढलेले. मी मनातल्या मनात कामचुकार ठरवून मोकळा झालो होतो. एकदा बाहेर टपरीवर चहाला नेला आणि पंधरा मिनिटं नुसतं ऐकलं (मॅनेजर झाल्यावर हे गप्प बसणं लई अवघड जातं). तर म्हणे माझा लूम कोपऱ्यात, बंद पडला की जॉबर (लूम दुरुस्त करणारा) आधी पुढचे लूम बघतो, मी तासभर उभा. आणि आमच्याकडं पीस रेट, जेवढा माल तेवढे पैसे, म्हणजे लूम थांबला की पैसे थांबले, वरून संध्याकाळी प्रॉडक्शन कमी म्हणून मीच त्याला बोलत होतो. मग एक वही ठेवली. लूम किती वाजता बंद पडला, जॉबर किती वाजता आला, बस एवढंच. जॉबर नंबरानं जायला लागला. थांबलेल्या वेळेचे थोडेफार पैसे मालकाकडून मंजूर करून घ्यायला मात्र चार महिने गेले.

पण कुरकुर थांबली म्हणजे उत्साह आला असं नाही. अमेरिकेतल्या हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1959 साली हेच मांडलं होतं, की पगार, साहेबाची वागणूक, कामाची जागा हे बिघडलं की माणूस वैतागतो, नीट केलं की वैताग जातो, पण मन लागतं ते कामातच काही जमल्यावर, जबाबदारी मिळाल्यावर, कुणी दखल घेतल्यावर. त्यानं विचारलं होतं पिट्सबर्गकडच्या इंजिनिअर आणि अकाउंटंटना, उचल फेडणाऱ्या विणकराला नाही, म्हणून आपल्याकडं पगाराचं वजन जरा जास्तच धरा. आणि दिवाळीच्या बोनसला मोटिव्हेशन म्हणू नका, जिथं कायदा लागू आहे तिथं किमान 8.33 टक्के द्यावाच लागतो, तो हक्क झाला.

त्या विणकराकडं मग दोन नवीन पोरं शिकायला दिली. तार तुटला की गाठ कशी मारायची, डाग कुठं पडतो, सगळं तोच दाखवायचा. पाळी सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं यायला लागला, मी सांगितलं नव्हतं.

गड्ड्याच्या यात्रेचं, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेचं पण तसंच. जानेवारीत दरवर्षी हजेरी कमी व्हायची, मी रजा नाकारायचो, तरी खाडे व्हायचेच. एका वर्षी ऑर्डरची तारीख आणि किती डझन माल जायचाय ते सांगितलं आणि म्हटलं पाळ्या तुम्हीच लावा. अर्धा तास भांडले. मग यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला जाणाऱ्यांनी आदल्या आठवड्यात जादा पाळी घेतली, माल वेळेत गेला.

हां, एखादा असा पण असतो की काम चोख पण पाच वाजले की एक मिनिट थांबत नाही. माझ्याकडं आहे एक, त्याची आई अंथरुणाला आहे हे मला दोन वर्षांनी कळलं. अशाच्या मागं लागू नका.

तुमचं काम कुठलं, ऑफिस, दुकान का कारखाना, ते लिहिलं नाही तुम्ही. कामात रोज अडतं कुठं हे 14 जणांना एकेकट्याला विचारा, काय म्हणतात ते खाली टाका, मग बोलू.